नवीन वर्ष किती वाजता येतं?

2023 साली इराणमधे नवीन वर्ष, म्हणजे नवरूज, रात्री बारा चोपन्नला आलं. 2024 ला सकाळी सहा छत्तीसला, 2025 ला भर दुपारी साडेबाराला आणि 2026 ला संध्याकाळी सव्वासहाला. चेष्टा नाही, खरंच असं असतं. म्हणजे एका वर्षी अख्खं घर नवीन कपडे घालून जांभया देतंय, पुढच्या वर्षी दात घासायच्या आधीच सण सुरू, त्याच्या पुढच्या वर्षी गॅसवर भात दमाला लावलाय आणि बाहेरून कोणीतरी ओरडतंय, अगं ये लवकर, वर्ष चाललं.

कारण त्यांचं वर्ष कॅलेंडरचं पान उलटलं म्हणून बदलत नाही, सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो त्या क्षणाला बदलतं. भूगोलात वसंतसंपात शिकलो होतो, दिवस आणि रात्र सारखे वगैरे, दोन मार्कांना यायचं, त्या दोन मार्कांवर एक अख्खा देश नटूनथटून बसतो हे काय तेव्हा कोणी सांगितलं नाही. पृथ्वीला एक चक्कर मारायला 365 दिवस लागतात आणि वर साधारण पाच तास 49 मिनिटं, त्यामुळे मुहूर्त दरवर्षी तेवढा पुढे सरकतो. तेहरानच्या घड्याळात तो दुपारी बाराच्या आत आला तर तोच दिवस वर्षाचा पहिला, बारानंतर आला तर दुसरा दिवस पहिला. 2025 ला अर्ध्या तासाने हुकला म्हणून पहिली तारीख 21 मार्चला गेली. हे गणित बसवणाऱ्यांमधे उमर खय्यामही होता, सुलतान मलिकशाहच्या पदरी, त्यांचं ते कॅलेंडर 1079 ला सुरू झालं. तोच तो फारसी कवी, रुबायांवाला, म्हणजे चार ओळींच्या कवितांवाला. आपल्याकडे त्याच्या नावावर फक्त दारू आणि गुलाब जमा आहेत, बिचाऱ्याने गणितंही केली होती.

मला हे सगळं कळायचं कारण म्हणजे पुण्यात आमच्या वरच्या मजल्यावर काही वर्षं एक इराणी जोडपं भाड्याने राहत होतं, दोघं पीएचडी करणारे. पुण्यात इराणी विद्यार्थी काही नवीन नाहीत, कॅम्पात नाहीतर कोंढव्यात फारसी कानावर पडली तर कोणी वळून बघत नाही. तर 2023 ला आपल्याकडे रात्रीचे दोन चोपन्न वाजले होते आणि वरती खुर्च्या सरकवल्याचे आवाज, मग एकदम आरडाओरडा आणि टाळ्या. आई झोपेतून उठून म्हणाली, एवढ्या रात्री कोणाचा वाढदिवस गं? मी म्हटलं वर्षाचा. त्याच सेकंदाला तेहरानमधे वरच्या बायकोच्या माहेरी बारा चोपन्न झाले होते, टोरंटोला तिच्या नवऱ्याच्या भावाकडे संध्याकाळचे पाच चोवीस आणि लॉस एंजेलिसला मावशीकडे दुपारचे दोन चोवीस, आणि हे सगळे फोनच्या स्क्रीनवर चौकोनात बसून एकत्र ओरडले. आपलं 31 डिसेंबरचं नवीन वर्ष आधी ऑकलंडला येतं, मग सिडनी, मग आपण, मग लंडन, प्रत्येकाला वेगळं वेगळं हॅप्पी न्यू इयर. यांचं जगभर एकदम, एका ठोक्याला. मला हे भयंकर आवडतं.

आणि माझं तर असं मत झालंय की या सणाची खरी गंमत त्या वेळेतच आहे. सूर्याला कोणी सांगू शकत नाही की थांब पाच मिनिटं, दादा पार्किंग शोधतोय. आमच्याकडे गुढी कधी उभारायची, तर बाबांची आंघोळ झाली की. तिथे असं चालत नाही. आणि वर समजूत अशी की त्या क्षणी तुम्ही जिथे, ज्यांच्यासोबत, ज्या मूडमधे असाल तसं पुढचं अख्खं वर्ष जातं, त्यामुळे वर्षभर एकमेकांशी न बोलणारी माणसंसुद्धा दहा मिनिटं आधी येऊन एका टेबलाभोवती गुपचूप बसतात. कोणी हातात नाणी धरतं, आजी दुवा म्हणते, टीव्हीवर काउंटडाऊन चालू असतो, मग तोफेचा धडाका आणि सनई-ढोलासारखं संगीत, आणि मग मिठ्या, पापे, थोडं रडणंपण. जे परदेशात गेलेत त्यांच्या नावाने जरा जास्त.

टेबल म्हणजे हफ्त-सीन. फारसीतल्या सीन या अक्षराने सुरू होणाऱ्या सात गोष्टी: सब्जे म्हणजे उगवलेलं हिरवं धान्य, सीब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सेर्के म्हणजे व्हिनेगर, सोमाग ही आंबट लाल पूड, सेंजेद नावाचं एक सुकं फळ आणि समनू. नाणी आणि सोंबोल नावाचं फूल पण चालतं, सातावर कोणी मोजत बसत नाही. शिवाय आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी आणि एक पुस्तक. हे पुस्तक बघायचं. कुराण असेल तर एक घर, हाफिज या कवीचा दीवान म्हणजे कवितासंग्रह असेल तर दुसरं घर, फिरदौसीचं शाहनामा हे राजांच्या गोष्टींचं महाकाव्य असेल तर तिसरं, आणि बऱ्याच घरांमधे दोन-तीन एकत्र ठेवलेली असतात कारण आजोबा आणि नातवाचं पटत नाही. आमच्या वरच्यांकडे हाफिज. वर्ष लागलं की तो मनात प्रश्न धरून उघडायचा आणि जी गझल निघेल तिच्यात उत्तर शोधायचं. तिला एकदा थीसिस कधी सबमिट होणार ते विचारायचं होतं, निघाली विरहाची. ती म्हणाली बरोबर आहे, गाइड परत रजेवर गेलेत.

या सातात मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे समनू. गव्हाला मोड आणायचे, वाटून त्याचं दूध काढायचं आणि पीठ घालून मोठ्या पातेल्यात रात्रभर ढवळत राहायचं, साखरेचा कण नाही आणि तरी ते गोड होतं, मोडांतूनच गोडी उतरते. बायका पाळीपाळीने ढवळतात आणि ढवळताना मनातली इच्छा बोलतात. एकटीने करायचा पदार्थच नाही हा. म्हणून पुण्यात तिने कधी केला नाही, तेहरानहून येणाऱ्या कोणाकडून तरी डब्यात मागवायची. चव? हुलग्याच्या माडग्यात गूळ जास्त पडला तर साधारण तिथपर्यंत पोचाल.

सब्जे मात्र घरीच. गहू नाहीतर मसूर भिजवून, ताटलीत पसरून, वर ओलं फडकं. इराणमधे तेव्हा थंडी सरत आलेली असते म्हणून दोनेक आठवडे आधी घालतात, पुण्याच्या मार्चमधे ते चार दिवसांत भसाभस वाढून नवरूजच्या आधीच पिवळं पडायला लागलं. ती वैतागून खाली आली. आईला घटस्थापनेचा अनुभव दांडगा, तिने ताटली हातात घेतली, वास घेतला, म्हणाली उन्हातून काढ, हळदीचं पाणी शिंपड, आणि पुढच्या वर्षी आठवडाभरच आधी पेर. इराणी टेबलावर पुणेरी हळद. चाललं.

टेबलावर काचेच्या बाऊलमधे गोल्डफिश पण ठेवतात. हल्ली यावर तिकडे बराच वाद चालतो, माशांचे हाल होतात म्हणून अनेकजण आता संत्रं तरंगत ठेवतात. पोरांना संत्र्यात काय इंटरेस्ट असणार, पण असो.

या सगळ्याच्या आधी घर धुणं असतं, खाने-तकानी. दिवाळीची साफसफाई समजा, फक्त गालिचे ॲड करा. गच्चीवर, अंगणात गालिचा पसरायचा, पाणी, साबण, आणि खराट्याने नाहीतर पायाने घासायचा, मग कठड्यावर वाळत टाकायचा, मार्चमधे गल्लोगल्ली हेच दृश्य. नवऱ्यांना याच दिवसांत ऑफिसमधे फार काम असतं, हा नियम तेहरान आणि सदाशिव पेठेत सारखाच लागू. आणि वर्षातल्या शेवटच्या मंगळवारी रात्री चहारशंबे सूरी, रस्त्यात छोट्या छोट्या शेकोट्या पेटवून त्यांच्यावरून उड्या मारायच्या आणि आगीला म्हणायचं, माझा पिवळेपणा तू घे, तुझा लालपणा मला दे. पिवळेपणा म्हणजे आजारपण, फिकट चेहरा. सरकारला हा प्रकार फारसा पसंत नाही, त्यात फटाके आले आणि दरवर्षी भाजल्याच्या बातम्याही येतात, तरी लोक उड्या मारतातच.

तिच्या आजीने सांगितलेली एक गोष्ट अशी, की नाने सर्मा नावाची एक म्हातारी, थंडीची आजीच, दरवर्षी अमू नवरूजची म्हणजे नवरूजकाकांची वाट बघत असते. घर झाडते, गालिचा घालते, नटते, हुक्का भरून ठेवते, सात गोष्टी मांडते आणि वाट बघता बघता तिचा डोळा लागतो. तेवढ्यात तो येतो. तिला उठवत नाही, एक फूल तिच्यापाशी ठेवतो, चहा पितो, हुक्क्याचे दोन झुरके मारतो आणि जातो. ती उठते तर चहाचा कप रिकामा. मग परत वर्षभर थांबा. मी म्हटलं, अरे उठव की तिला! तर ती म्हणाली, दोघं भेटले तर जग संपतं म्हणतात. घ्या.

आता आपल्याकडे हे अगदीच अनोळखी आहे असं नाही. मुंबईतले पारशी 21 मार्चला जमशेदी नवरोज करतातच, दाराला तोरण, उंबऱ्यावर चुन्याची रांगोळी, सकाळी शेवया आणि रवो, म्हणजे रव्याची खीर. पण त्यांचं हिशेबातलं नवीन वर्ष ऑगस्टमधे, कारण त्यांच्या शहेनशाही कॅलेंडरने लीप वर्ष मानलं नाही, म्हणून सरकत सरकत ते वसंतातून निघून पार पावसाळ्यात येऊन पोचलं. महाराष्ट्रात सुट्टी मिळते ती त्या ऑगस्टवाल्या दिवसाची. आणि आपले इराणी हॉटेलवाले, ते मुख्यतः इराणमधल्या यझ्द आणि केरमानकडून आलेले, त्यांच्यातल्या जरथुष्ट्री घरांमधे 21 मार्चचं महत्त्व जास्त. मुघल दरबारातही नवरोज थाटात व्हायचा, अकबराने तो जोरात सुरू केला आणि औरंगजेबाने बंद केला, यात कोणाला आश्चर्य वाटायचं कारण नाही. 2009 मधे युनेस्कोच्या यादीत नवरूज गेला तेव्हा नाव सुचवणाऱ्या देशांत भारतही होता, ही गोष्ट वरच्या नवऱ्याला माहीत होती आणि मला नव्हती.

जेवण म्हणजे सब्जी पोलो बा माही, हिरव्या भाज्यांचा भात आणि मासा. कॅस्पियन समुद्रातला पांढरा मासा पुण्यात कुठला, सुरमईवर भागलं. भातात कोथिंबीर, मेथी, लसणीची पात इथपर्यंत ठीक, पण त्यात मूठ मूठ शेपू. मी शेपूच्या वासाने लहानपणी शेजारच्या घरी जेवायला जाणारा माणूस. तो भात मात्र दोनदा घेतला. आईने दुसऱ्या आठवड्यात करून बघितला, तेव्हा शेपू परत शेपूसारखाच लागला.

मग सुरू होतात भेटीगाठी. लहानांनी आधी मोठ्यांकडे जायचं, मग मोठे उलट भेटीला येणार, म्हणजे प्रत्येक घर दोनदा. वीस मिनिटं, चहा, डाळीच्या पिठाची नोखोदची नावाची तोंडात विरघळणारी बिस्किटं, सुक्या मेव्याचा बाऊल, निघा, पुढचं घर. पोरं पहिल्या दिवशीच बाऊलमधले सगळे पिस्ते उचलतात, त्यामुळे आठव्या दिवशी येणाऱ्या काकांच्या वाट्याला भाजलेले चणे आणि ज्यांचं तोंडच उघडलेलं नाही असे चार पिस्ते येतात. हल्ली पिस्ते एवढे महाग झालेत की काही घरांत बाऊल नजरेसमोरच ठेवतात म्हणे. पोरांना ईदी मिळते, करकरीत नव्या नोटा, बऱ्याच घरांत पुस्तकाच्या पानांत ठेवलेल्या. 2024 आणि 2025 ला हे सगळं रमजानमधे आलं, म्हणजे ज्यांचे रोजे त्यांच्याकडे दिवसा जाऊन उपयोग नाही, सगळी गर्दी इफ्तारनंतर.

तेराव्या दिवशी घरात थांबायचं नाही. सीजदह बेदर. तेरा अशुभ, म्हणून अख्खं गाव बाहेर, बागेत, नदीकाठी, जागा नाही मिळाली तर हायवेच्या कडेच्या हिरवळीवर चादर टाकून. कबाब, शेवयांचं दाट सूप आणि लेट्यूसची पानं सेकंजबीन नावाच्या पुदिना-व्हिनेगरच्या गोड सरबतात बुडवून खायची. लग्न न झालेल्या मुली गवताला गाठी मारतात आणि मनात म्हणतात पुढच्या वर्षी नवऱ्याच्या घरी. ते टेबलावरचं सब्जे वाहत्या पाण्यात सोडायचं. पुण्यात तिने ते मुठा नदीत सोडलं, पाण्याकडे बघून थोडा विचार केला होता म्हणाली. आणि हा दिवस एक-दोन एप्रिलला येतो म्हणून थापा मारायलाही परवानगी.

पण शाळेतल्या पोरांना विचारलं असतं तर या दिवसाइतका वाईट दिवस नव्हता. कारण बरीच वर्षं शाळा सुट्टीत करायला म्हणून एक वही द्यायची, पैके नवरूजी, चित्रं, कोडी, गणितं, निबंध. तेरा दिवस ती कोणी उघडायचं नाही. आणि सीजदह बेदरच्या संध्याकाळी, गाडीत कबाबचा धूर भरलेला, ट्रॅफिक जाम, उद्या सकाळी साडेसातला शाळा, मागच्या सीटवर एक पोरगं रडत भागाकार करतंय, पुढून आई उत्तरं सांगतेय आणि वडील गाडी चालवता चालवता म्हणतायत, निबंध सुट्टीत काय केलं यावर आहे ना, मग लिही की, पाहुणे आले आणि पिस्ते संपले.