चिंगीचा लॉग: पावसाळा ते उन्हाळा, अजिंक्यताऱ्याचा रस्ता

नमस्कार मंडळी, बरेच दिवस अपडेट टाकला नव्हता, दोघातिघांनी मेसेज करून विचारलं की चिंगी कशी आहे, कुत्री घेऊन पळणारा आमचा रविवारचा ग्रुप चालू आहे का बंद पडला, तर आता सगळं एकदमच लिहितो. नवीन लोकांसाठी, चिंगी म्हणजे आमची गावठी कुत्री, तांबूस, एक कान उभा एक पडलेला, वय अंदाजे तीन, साताऱ्यात गोडोलीत एका दुकानाच्या ओट्याखाली सापडलेली. आणि नाद कसला लागलाय तर कंबरेला बेल्ट, बेल्टला ताणणारी दोरी, दोरीला कुत्रं, आणि दोघांनी मिळून पळायचं. युरोपात ह्याला कॅनिक्रॉस म्हणतात, तिकडं बर्फातल्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना बर्फ नसताना सरावात ठेवायला असलं पळवायचे. साताऱ्यात पळणाऱ्यांची कमी कधीच नव्हती, हिल मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वरच्या घाटात पहाटे जत्रा असते, पण कुत्रं बांधून पळणारा दिसला की लोक अजून गाडी स्लो करून बघतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, दम हा आमचा प्रॉब्लेम कधीच नव्हता. गावठी कुत्र्याला दम शिकवावा लागत नाही, शिकवायचा असला तर मालकाला शिकवावा लागतो. आमचा रोजचा रस्ता साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याचा, किल्ला पायथ्यापासून साधारण 300 मीटर उंच, वरच्या दरवाजापर्यंत डांबरी रस्ता, चिंगी तो गप्पा मारत चढते आणि माझी जीभ तिच्यापेक्षा लांब बाहेर येते. खरं काम पडलं ते रस्त्यावरच्या लोकांशी, म्हणजे रोजचे वॉकवाले, वळणावरची भटकी कुत्री, वर चरायला येणारी जनावरं, ह्या सगळ्यांनी आपल्याला चालवून घेतलं तर पळायचं, नाहीतर घरी बसायचं. त्यामुळे ह्या लॉगमध्ये टायमिंग वगैरे शोधू नका, ते लय कमी आहे.

पावसाळा

पाऊस सुरू झाला की पळणं कमी आणि गोचीड जास्त. गवत वाढलं की एका राऊंडमध्ये अंगावर चढतात. आता घरी आलं की आधी ओटा, मग टॉवेल, मग तपासणी, कानाच्या आतली घडी, काखा, शेपटीचं मूळ आणि बोटांच्या मधली जागा. बोटांच्या मधली विसरू नका, तिथं राखाडी मुगाएवढी टम्म फुगलेली गोचीड बसलेली असते आणि कुत्रं नुसतं पाय चाटत राहतं, आपल्याला वाटतं चिखल लागलाय. चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत पकडायची आणि सरळ वर ओढायची, पिळायची नाही, रॉकेल ओतायचं नाही, काडी लावायची तर अजिबात नाही.

आणि आपल्याकडचा खास प्रकार, गोठ्यात गाईम्हशींचं गोचिडाचं औषध असतंच, तेच थोडं कुत्र्यावर ओततात. नका करू राव. ते जनावरांच्या हिशोबानं कडक असतं आणि कुत्रं अंग चाटतं म्हणजे ते पोटात जातं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनसुद्धा कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, कॉली जातीच्या रक्ताची कुत्री त्यानं मरू शकतात. डॉक्टरकडून वजनाप्रमाणं गोळी नाहीतर मानेवर टाकायचं औषध घ्या. कुत्रं खात नाही, ताप आहे, हिरड्या पांढरट पडल्यात, नाकातून रक्त येतंय, ह्यातलं काहीही दिसलं तर थेट रक्त तपासा, गोचीड तापात लवकर सुरू केलेलं औषध लय फरक पाडतं. साचलेल्या पाण्यातनं लेप्टो नावाच्या रोगाची भीती असते, उंदीर मुतलेल्या पाण्यातनं तो पसरतो, माणसालाही होतो, त्याची लस दरवर्षी रिपीट करायची.

सप्टेंबर, कास आणि माहुली

दरवर्षीचा प्रश्न, कासला कुत्रं न्यायचं का? आमच्या ग्रुपचं उत्तर नाही. पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे, कातळावर मातीचा पातळ थर आणि त्यात ती फुलं, तिथं माणसांचेच पाय जास्त होतात. वर वीकएंडला घाटात गाड्यांची रांग. फुलं बघायला आम्ही कुत्री घरी ठेवून गेलो, बाकीच्यांनी काय करायचं ते करा पण फुलात बसवून लॅब्राडॉरचा फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो. तसंच कोयना आणि चांदोली, ते व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथं पाळीव कुत्रं न्यायचा विषयच काढू नका, डिस्टेंपरसारखे रोग आपल्या कुत्र्यातनं जंगलातल्या प्राण्यांना जातात.

त्याऐवजी संगम माहुलीला गेलो, कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं. कुत्रेवाल्यांनी एकदा जाऊन यायलाच पाहिजे, कारण साताऱ्याच्या थोरल्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी तिथं आहे. शिकारीत खंड्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला असं सांगतात. दगडात कोरलेलं कुत्रं आहे, आमच्या ग्रुपमधल्या ब्रुनोनं त्याचा वास घेतला आणि पाय वर करायच्या आत मालकानं त्याला उचललं, 32 किलोचं लॅब उचलणं म्हणजे काय ते त्याच्या कंबरेला विचारा. पाणी जास्त होतं म्हणून नदीच्या कडेला पट्टा सोडला नाही, पोहता येणारं कुत्रंसुद्धा ओढीत सापडलं की काही चालत नाही.

वळणावरची पोरं

आता मुख्य विषय. किल्ल्याच्या रस्त्याला खालच्या वळणावर भटक्यांची टोळी असते, आमची कुत्री दिसली की सगळी भुंकत खाली यायची, मग वॉकवाले ओरडायचे, आणि शिव्या मात्र आम्हाला. एक काकू तर हातात काठी घेऊनच यायच्या, त्यांना लहानपणी कुत्रं चावलेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, "तुमची कुत्री चावत न्हाईत हे तुमाला म्हाईत, मला कसं कळणार?" बरोबरच आहे की हो.

मग आम्ही रस्त्याचे नियम आपापसात ठरवले. डांबरी रस्त्यावर पट्टा आखूड, कुत्रं डोंगराच्या बाजूला, समोरून कुणी आलं की थांबायचं, कुत्र्याला बसवायचं, माणूस पुढं गेला की मग चालायचं. शी उचलायची पिशवी प्रत्येकाच्या खिशात, आणि नुसती आपल्या कुत्र्याची नाही, वाटेत दिसली तर उचलायची, कारण लोक कुणाची कुणाची विचारत बसत नाहीत. सुरुवातीला पळणं असं होईचना, दर दोन मिनिटाला बसा उठा. पण चिंगीला त्यातनं एक सवय लागली, समोर माणूस दिसला की ती स्वतःच माझ्या डाव्या पायाजवळ येऊन टेकते आणि तोंड वर करून कलेजीचा तुकडा मागते. ही माझ्या मते ह्या वर्षातली सगळ्यात मोठी प्रगती, स्पीड गेला खड्ड्यात.

भटक्यांचं काम वेगळं. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या सुमाराला एका ओळखीच्या डॉक्टरांनी लसी द्यायचं कबूल केलं, आणि बिस्किटं टाकून हळूहळू ओळख झालेली असल्यामुळे टोळीतली बहुतेक हाताला आली. त्यातल्या काहींच्या कानाला आधीच खाच होती, म्हणजे नसबंदी झालेली. उरलेल्यांसाठी पाठपुरावा चालू आहे, त्यात वेळ जातोय. लोक म्हणतात उचलून लांब सोडा, पण 2023 च्या नियमांत नसबंदी आणि लस करून त्याच भागात परत सोडायचं असंच आहे, आणि त्यामागं कारणही आहे, ओळखीची लस घेतलेली टोळी हलवली की मोकळ्या जागेत दुसरी बिनलसीची येते. खायला घालायची जागा आम्ही रस्त्यावरून हलवून आत झाडाखाली नेली, लहान मुलं खेळतात तिथून लांब, वेळ ठरलेली, उरलेलं उचलायचं. आता टोळी भुंकते पण रस्त्यावर उतरत नाही. काकूंची काठी अजून आहे, पण त्या चिंगीला नावानं हाक मारतात.

आणि कुणालाही कुत्रं चावलंच तर, ओळखीचं असो नाहीतर नसो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. आमच्या ग्रुपवर हा मेसेज पिन केलाय.

थंडी

हवा मस्त, त्यामुळे बोलावल्यावर परत येण्याचा सराव जोरात केला, 10 मीटरची लांब दोरी बांधून. खरी परीक्षा मेंढरांची. धनगर मामा कळप घेऊन उतारावर असतात, त्यांच्या कुत्र्यांपुढं आपली कुत्री म्हणजे शाळेतली पोरं. मामांना विचारून आम्ही लांबवर बसायचो, मेंढरं बघायची, कलेजी खायची, परत मेंढरं बघायची, बास. हळूहळू अंतर कमी केलं. चिंगी अजून थरथरते पण हाक मारली की वळते. ब्रुनोला मेंढरात इंटरेस्टच नाही, त्याला मामांच्या भाकरीत आहे.

ऊसतोड सुरू झाली की बिबट्याच्या बातम्या वाढतात, आणि किल्ल्याच्या, यवतेश्वरच्या बाजूलाही त्याचा वावर असतो. कुत्रं हे त्याचं आवडतं खाद्य. म्हणून चांगलं उजाडल्याशिवाय निघायचं नाही, एकट्यानं नाही, आणि झाडीत कुत्रं मोकळं नाही. मोरांच्या मागं लागायची सवय असलेल्यांनी तर अजिबात नाही.

मधेच सांगलीचा एक मित्र त्याचं कारवान जातीचं कुत्रं घेऊन आला, काय पळतं ते कुत्रं, नुसते पाय आणि छाती. येताना तासगावचे बेदाणे घेऊन आला आणि प्रेमानं एक मूठ चिंगीपुढं धरली, तिथंच हात धरला त्याचा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला विष असतात, किती खाल्ल्यावर होईल ह्याचा नेम नाही. बागायतदाराच्या घरातल्याला हे माहीत नव्हतं म्हणून इथं लिहितोय. कांदा लसणाचा रस्साही नको.

सध्या

उन्हाळा, त्यामुळे सगळं उरकून ऊन चढायच्या आत घरी. डांबरावर उलटा हात सात सेकंद ठेवायचा, नाही ठेववला तर कुत्र्यालाही चालवायचं नाही. कुत्र्याला घाम असा तळपायातच येतो, बाकी सगळं धापा टाकून, त्यामुळे धाप थांबेना, हिरड्या लालभडक, चालताना झोकांड्या, असं दिसलं की सावली, अंगावर साधं पाणी, वारा घालायचा आणि दवाखाना. पग आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना ह्या दिवसात चढ नकोच. रस्त्याला सिमेंटच्या कुंड्या ठेवल्यात, आलटून पालटून एकेक जण घासून भरतो, न घासता नुसतं पाणी ओतणाऱ्याला ग्रुपवर झापतो.

पळण्याचं म्हणाल तर चिंगी आता वळणापासून दरवाजापर्यंत न ओढता, न थांबता एका लयीत येते, उतरताना मात्र अजून ओढते आणि उतारावर ओढणारं कुत्रं म्हणजे गुडघ्याची वाट, त्यामुळे उतरताना बेल्ट सोडून पट्टा हातात घेतो. हार्नेस कसला वापरता असं परत परत विचारतात, वाय आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा, गळ्याला लावून पळवू नका. आणि वर्षाच्या आतल्या पिल्लाला ह्यात आणू नका, मोठ्या जातींना दीड वर्ष थांबा, हाडं भरू द्या.

वाई, कराड, कोरेगाव कडून कुणाला यायचं असेल तर कमेंट करा. लसीचं कार्ड लागेल, माजावर आलेली कुत्री माज संपेपर्यंत घरी ठेवा, आणि पहिल्या दिवशी पळायचं नाही, आमच्यासोबत नुसतं चालत वळणापर्यंत यायचं, टोळीला वास घेऊ द्यायचा.