परीक्षणं लिहिणारीची पहिली पटकथा

शुक्रवारी सकाळी प्रेस शो किंवा पहिला खेळ गाठायचा, दुपारपर्यंत परीक्षण पाठवायचं आणि संध्याकाळी कुणा निर्मात्याच्या माणसाकडून 'दोनच स्टार?' हे फोनवर ऐकायचं, असं माझं बरीच वर्षं चाललं होतं. मी पटकथा लिहायला घेतल्यावर साहजिकच लोकांना गंमत वाटली. तसं यात नवं काही नाही. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सिनेमावर लिहीत असत आणि तिथूनच १९४१च्या 'नया संसार'च्या लेखनाकडे वळले.

लिहिण्याबद्दल फार सांगत नाही. आधी वनलाइन, म्हणजे गोष्टीचा थोडक्यात आराखडा, मग सीन, मग संवाद. पहिल्या खर्ड्यातली सगळी पात्रं परीक्षण लिहिल्यासारखी बोलत होती; त्यांना गप्प करण्यात एक पावसाळा गेला. सांगण्यासारखं आहे ते त्यानंतरचं.

एका ज्येष्ठ लेखकदादांनी बजावलं होतं, "नॅरेशनला जाण्याआधी पटकथेची नोंदणी कर." नॅरेशन म्हणजे निर्मात्यासमोर पटकथा वाचून दाखवणं. अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतल्याशिवाय ती होत नाही. सभासद झालात की पीडीएफ ऑनलाइन चढवायची, शुल्क भरायचं, झालं. अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता, एवढाच तो पुरावा. नुसत्या कल्पनेवर कुणाचाच हक्क नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली हेच सांगितलं : कॉपीराइट विषयाला किंवा कथाकल्पनेला नाही, तिच्या मांडणीला. म्हणून चार ओळींची कल्पना नोंदवून निर्धास्त होऊ नका, प्रसंग आणि संवादांसकट पूर्ण पटकथा नोंदवा. मी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडेही अर्ज केला. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क. डायरी नंबर मिळतो, मग कुणाची हरकत येते का यासाठी ३० दिवस थांबावं लागतं. ही नोंदणी सक्तीची नाही, हक्क लिहिल्याक्षणीच तुमचा असतो. पण उद्या भांडायची वेळ आली तर कागद हाताशी बरा.

मग नॅरेशन. दीड-दोन तासांचं वाचन. निर्माते साहेब, त्यांचे मेहुणे, एक कार्यकारी निर्माता आणि टेबलावर सतत थरथरणारे दोन फोन. मी नायिकेच्या आईचा प्रसंग वाचत होते. माझ्या मते पटकथेतला तो सर्वांत चांगला सीन. मेहुणे म्हणाले, "मॅडम, इंटरव्हल कुठे येतो?" 'मध्यंतरानंतर चित्रपट घसरतो' हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा लिहिलंय की त्या प्रश्नाला रागावण्याचा मला काही अधिकार नव्हता. पान काढून दाखवलं. साहेबांनी सीन पुन्हा वाचायला लावला आणि दोन आठवड्यांनी करारपत्राचा मसुदा आला.

इथे मात्र परीक्षणाची सवय कामी आली. काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं टाळलंय, ते शोधायची सवय. मसुदा इंग्रजीत, गच्च. हक्क जगभरासाठी, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे कधीही निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी. श्रेय द्यायचं की नाही, ते निर्माता ठरवणार. शेवटचा हप्ता चित्रपट प्रदर्शित झाल्यावर. आणि एका कोपऱ्यात 'कॉपीराइट कायद्याचं कलम १९(४) लागू राहणार नाही' एवढी एकच ओळ.

एका वकील मैत्रिणीकडे गेले. ती म्हणाली, सगळ्यांत महाग ओळ हीच. घेतलेले हक्क निर्मात्यानं वर्षभरात वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, अशी या कलमात सोय आहे. ती काढून टाकली की पटकथा त्यांच्या कपाटात जन्मभर पडली तरी तुम्ही ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. रॉयल्टीचं मात्र २०१२च्या दुरुस्तीनं बरं केलंय. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत लेखकाचा समान वाटा असतो आणि तो सोडून देतो असं त्यानं लिहून दिलं तरी ते चालत नाही. मसुद्यात अर्थातच ते लिहून घेतलेलं होतं!

मग महिनाभर मेल. त्यांच्या बाजूनं 'हा आमचा स्टँडर्ड फॉरमॅट आहे' हे एकच उत्तर, दर वेळी वेगळ्या माणसाकडून. मी मात्र प्रत्येक कलमाला लेखी पर्याय देत राहिले. फोनवर एक शब्द बोलले नाही, कारण फोनवर मी फार लवकर विरघळते. अखेर शेवटचा हप्ता चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसावर आला. पोस्टरवर आणि नामावलीत 'पटकथा-संवाद' अशी वेगळी ओळ मिळाली. वर्षाऐवजी तीन वर्षांनी हक्क परत, यावर तडजोड झाली. सिक्वेल निघाला तर पहिली विचारणा मला व्हावी, एवढं मात्र त्यांनी मान्य केलं नाही.

"मॅडम, आधी हा तर लागू द्या," साहेब म्हणाले.