'औषध लागलं' की 'औषध घेतलं'

कपाशी छातीला लागली की फवारणीचे पेशंट सुरू होतात. चक्कर, घाम, तोंडाला फेस. सोबतचा माणूस सांगतो, "डाक्टरसायेब, फवारता फवारता औषद लागलं." आणि केसपेपरवर उतरतं 'हिस्ट्री ऑफ कन्झम्प्शन ऑफ पॉयझन', म्हणजे विष प्यायला. हात त्या वाक्याला सरावलेला असतो, दुसरं काही नाही. पण आपल्याकडे औषध 'लागणं' वेगळं आणि 'घेणं' वेगळं, हे शेंबडं पोरही सांगेल.

हा एक शब्द दोन लाखांचा आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. त्यात कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते, सर्पदंश बसतो. आत्महत्या बसत नाही. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. पोस्टमॉर्टेम आणि पंचनामा नंतरचे, पहिला कागद तुमचा, म्हणजे डॉक्टरचा. त्यावर 'प्यायला' असं पडलं, तर घरच्यांना तालुक्याला खेटे घालावे लागतात.

म्हणून आलेली वेळ, सांगणाऱ्याचं नाव आणि नातं, फवारणी किती वाजता सुरू केली, कपडे भिजले होते का, हे सगळं लिहा. बाटली मागवा. ब्रँडचं नाव पुरत नाही, लेबलवरचं रसायनाचं नाव उतरवा.

कोडचंही तसंच. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाला टी६०.०, तणनाशकाला टी६०.३, काय होतं तेच कळलं नाही तर टी६०.९. हा झाला 'काय' चा कोड. 'कसं' चा वेगळा: अपघात एक्स४८, स्वतःहून घेतलं एक्स६८, ठरवता येत नसेल तर वाय१८. नातेवाइकांच्या दयेपोटी एक्स६८ चं एक्स४८ करू नका. एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस) असते, मृत्यू झाला तर व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासणीला जातो, आणि खोट्या नोंदीत आधी डॉक्टर अडकतो. साप चावल्यास टी६३.० सोबत एक्स२०.

बिलात घोळ होतो तो ॲट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनचा. १ एमएलच्या ॲम्प्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. बिलात १० ॲम्प्युल आणि केसपेपरवर '१० मिलिग्रॅम' असेल, तर एक आकडा खोटा ठरतोच. शिवाय पुढचं हॉस्पिटल त्यावरच डोस मोजत बसतं. खरे ६ मिलिग्रॅमच गेलेत. केसपेपरवर मिलिग्रॅम आणि वेळ, बिलात ॲम्प्युल, असं ठेवा. 'इंजेक्शन व सलाईन ८००' अशी एका ओळीची पावती कुठेच चालत नाही. तपासणी, औषध, सलाईन वेगवेगळं हवं. नोंदणी क्रमांक पावतीवरही लागतो, फक्त प्रिस्क्रिप्शनवर नाही.

राहिली उधारी. "कापूस इकला का देतो" हे ऐकून घ्यावंच लागतं. बिल त्याच दिवशी फाडा, पावती मात्र पैसे हातात आल्यावर, त्या दिवसाच्या तारखेची. दिवाळीनंतर आलेले पैसे ऑगस्टच्या पावतीवर दाखवले, तर रोजची रोकड आणि यूपीआयचं स्टेटमेंट कधीच जुळत नाही. उधारीच्या वहीत बिल नंबरासमोर एक रिकामा रकाना ठेवा, पावती नंबरासाठी.