शके १८६९चं घंगाळ

परदेशी निघालेल्या घराच्या सामानाची यादी तिघं वाचतात आणि तिघांना तीत वेगवेगळं दिसतं. विमावाला किंमत बघतो. आपल्याकडचा कस्टमचा अधिकारी वस्तू किती जुनी आहे ते बघतो. आणि सामान ऑस्ट्रेलियाला चाललं असेल तर तिकडचा अधिकारी त्याला माती, शेण, बी, कीड काय चिकटलंय ते बघतो. यादी मात्र एकच असते. कोल्हापुरात बसून मी ह्याच याद्या करतो. पेट्या भरणारी पोरं वेगळी, माझ्याकडं फक्त कागद.

शिवाजी पेठेतल्या काकूंची यादी त्यांच्या मुलानं मेलबर्नहून मोबाइलवर पाठवली होती. काका गेले, घराचा सौदा झाला, काकू आता कायमच्या मुलाकडं निघालेल्या. यादी नीटनेटकी टाइप केलेली. पण तांब्या-पितळेच्या झाडून सगळ्या भांड्यांपुढं त्यानं 'शंभर वर्षांहून जुनं' लिहिलेलं आणि किमती अशा लावलेल्या, की गुजरीतल्या सराफानंही दोनदा बघावं. फोन केला तर म्हणाला, "विम्यासाठी लिहिलंय हो. उद्या काही फुटलं-हरवलं तर जुन्या वस्तूला भाव जास्त मिळेल ना."

मेख इथंच आहे. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणं शंभर वर्षं झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षंही पुरतात. आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला, नाहीतर सरकारनं नेमलेल्या संस्थेला. आंघोळीचं घंगाळ म्हणजे काही देवळातली मूर्ती नव्हे, हे अधिकाऱ्यालाही कळतं. पण मालकानंच सहीनिशी 'शंभर वर्षांहून जुनं' लिहून दिल्यावर त्यानं तरी काय करायचं? न्हावा-शेवा बंदरात पेटी बाजूला निघणार, 'ही पुरावस्तू नाही' असा पुरातत्त्व खात्याचा दाखला मागितला जाणार, म्हणजे मुंबईत शीव किल्ल्याजवळच्या कार्यालयात खेटे. तोवर गोदामाचं भाडं चालूच.

मुलाला एवढं सांगितलं, तर तो म्हणाला, "मग नवीन आहे म्हणून लिहा."

म्हणजे आणखी फसलो. ऑस्ट्रेलियात घरगुती सामानाला सूट मिळते ती बारा महिने तरी तुमच्याकडं असलेल्या, तुम्ही वापरलेल्या वस्तूंना. नवीन म्हटलं की तिकडचा कर लागलाच. शिवाय खोटं ते खोटंच. म्हटलं, मी स्वतः येऊन भांडी बघतो.

परड्यात नळापाशी सगळी भांडी मांडून ठेवली होती. घंगाळ, दोन हंडे, समया, परात, तांबे, गडू. काकू पाटावर बसलेल्या, पुतण्या भिंतीला टेकून.

"काकू, हे घंगाळ कधीचं?"

"माझ्या सासूच्या सासूचं. दीडशे वर्सं झाली असतील बघ."

"आणि ही परात?"

"ती बी तेवढीच."

काकूंच्या हिशेबात दीडशेच्या खाली काही नव्हतंच. मी घंगाळ उपडं घातलं. बूड काळं, कडेला हिरवा गंज. पण आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नात दिलेलं असो की बारशात, कासार ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरून देतो. जुन्या भांड्यांवर बऱ्याचदा सालही असतं. काकूंनी चिंच कोळली, पुतण्यानं राख आणली आणि मी बाह्या सारून बूड घासायला लागलो. आधी 'सौ' उमटला. मग एक आडनाव, ते काकूंच्या सासूच्या माहेरचं. आणि अगदी कडेला, ठिपके झिजलेले पण बोटाला लागणारे, 'शके १८६९'.

शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन. १९४७.

"सासूबाईंच्या लग्नातलं हाय म्हणायचं," काकू म्हणाल्या आणि जरा हिरमुसल्या. दीडशेचं एकदम अर्ध्यावर आलं, वाईट वाटणारच. मला मात्र लॉटरी लागल्यासारखं झालं. बुडाचा जवळून फोटो काढला, आकडा स्पष्ट दिसेल असा, आणि यादीत लिहिलं: तांब्याचं घंगाळ, वापरलेलं, सन १९४७. हंड्यांवर साल नव्हतं, पण काकूंच्या माहेरचं नाव होतं, म्हणजे ते त्यांच्याच लग्नातले. परातीवर १९६२. एकेक करत सगळी निघाली, शेवटी राहिला एक छोटा गडू.

त्याच्यावर शके १८३९. म्हणजे १९१७. शंभर उलटलेली.

"ह्यो खरा सासूच्या सासूचा," काकू म्हणाल्या. आता त्यांना खुलायला झालं आणि मला घाम फुटला.

पुतण्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. तो लगेच म्हणाला, "त्यात काय, दादा. नेतो, बफ मारतो, पाच मिंटात आकडा गायब. कुणाच्या बाला कळतंय?"

मी काही बोलायच्या आत काकूंनीच त्याला झाडला. "आकडा घासशील, आन् नाव? नावासकट जाईल की रं! लई शाणा हायस!" मी पुढं एवढंच म्हटलं, की जुन्या तांब्यावर एकच जागा ताजी चकाकत असली तर तपासणीत ती आधी डोळ्यात भरते, आणि मग साध्या दाखल्याचं प्रकरण लबाडीचं होतं. गडू मुंबईला दाखवून रीतसर दाखला काढता आला असता. तज्ज्ञांनी 'पुरावस्तू नाही' म्हटलंही असतं कदाचित. पण काकूंचं तिकीट काढून झालेलं. त्यांनी गडू उचलला, पुतण्याच्या बायकोच्या हातात दिला आणि वर बजावलं, "देवापुढं ठिव. त्यात ताक घुसळू नको."

आपल्याकडच्या अधिकाऱ्याचं झालं. आता तिकडच्याचं. ऑस्ट्रेलियाला पाठवायच्या सामानाबरोबर एक फॉर्म भरावा लागतो, बी ५३४ म्हणतात त्याला. त्यात लाकूड, वनस्पती, प्राण्यांपासून केलेल्या वस्तू, माती लागलेली अवजारं, असं एकेक विचारलेलं असतं. मी विचारलं, "काकू, शेण लागलेलं काही आहे का?" त्या चिडल्याच. "आमच्या घरात शेण? शेण कुठनं आणू?" आणि त्यांच्या मागं, भरायच्या ढिगात, सूप. बुरडाकडून आणल्यावर भोकं बुजावीत म्हणून शेणानं सारवलेलं, चांगलं खडखडीत वाळलेलं. ते तिथंच राहिलं. काकांचा तालमीतला मुद्गलही राहिला. त्याच्या मुठीच्या खाचेत लाल माती बसलेली होती, ती ब्रशनं निघाली असती. पण फरशीवर आपटल्यावर खालच्या टोकातून पिठासारखा भुसा पडला. आत कीड जिवंत आहे की मेलेली, ते कोण सांगणार? धुरी देता येते, पण ती मान्यता असलेल्याकडूनच, आणि एका मुद्गलासाठी तो खर्च पुतण्यालाही पटेना. कोल्हापुरी चपलांचे तळ मात्र पोरांनी दात घासायच्या ब्रशनं घासून दिले. कांदा-लसूण मसाला मी पेटीतनं दोनदा बाहेर काढला. खाण्याचं काही भरायचं नाही, हा आमचा नियमच आहे.

खोक्यासाठी पुतण्या ओळखीच्या सुताराकडनं फळ्या आणणार होता. नको म्हटलं. लाकडी खोकं तापवून कीड मारलेल्या लाकडाचंच लागतं. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर तीस मिनिटं तापवल्याचा शिक्का त्यावर हवा. गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची अक्षरं आणि एचटी, म्हणजे हीट ट्रीटमेंट.

न्हावा-शेवाला घंगाळाची पेटी उघडलीच. अधिकाऱ्यानं बूड बघितलं, फोटोशी ताडून बघितलं, शकाचा हिशेब स्वतःच तोंडी केला आणि पेटी बंद करायला सांगितली. मराठी माणूस होता, हेही आमचं नशीब. मुलाच्या विम्याचं म्हणाल, तर भांडी तांब्याच्या मोडीच्या भावावर थोडं चढवून लावली. तो नाराज होता, पण सही केली.

मेलबर्नला लाकडी सामानाची पेटी उघडली. रवी, पोळपाट, लाटणं, सगळं फॉर्मवर लिहिलेलं होतं, त्यामुळं तपासणीचे पैसे घेऊन सोडलं. मुलाचा फोन आला, "एका रवीसाठी एवढे पैसे?" म्हटलं, लिहिलं नसतं तर दंड पडला असता, वर रवीही गेली असती. तेवढ्यात काकूंनी फोन हिसकावून घेतला. मसाला कुरिअरनं पाठवता येईल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.