घरी शिवलेला टार्प घेऊन जांबोटी-कणकुंबी

डिसेंबरात बेळगावहून कणकुंबीकडं जाऊन आलो, बरंचसं सामान घरीच शिवलेलं, मुख्य म्हणजे टार्प, तंबूऐवजी दोऱ्यांनी ताणून बांधायचं कापडी छत. कुणाला जायचं असेल तर रस्त्यापेक्षा शिलाईचंच जास्त सांगतो, कारण रस्ता सोपा हाय, जांबोटीपर्यंत बस, पुढं जमेल तितकं चालत.

सगळ्यात आधी परवानगीचं बघा. त्याच बाजूचं भीमगड अभयारण्य 2011 ला जाहीर झालंय, तिथं वनखात्याला न विचारता आत शिरायचं नाही आणि रात्री मुक्काम तर नाहीच. गवे, अस्वलं सगळं हाय तिकडं. मी गावात पाहुण्यांच्या मळ्यात झोपलो. मामा म्हणाले, "घरात खाट मोकळी असताना हा मांडव कशाला रे?" बरोबरच होतं म्हणा त्यांचं.

टार्प साडेनऊ बाय दहा फुटांचा आहे, दोऱ्या धरून सहाशे ग्रॅमच्या आत बसतो. दुकानातला दोघांचा साधा तंबू अडीच-तीन किलोला जातो, तेव्हा फरक कुठं पडतो ते खांद्यालाच विचारा. कापड साधारण 58 इंच पन्ह्याचं येतं म्हणून दोन पट्टे मधोमध जोडायचे, एकूण सव्वासहा मीटर घ्या. मी सिलिकॉन लावलेलं रिपस्टॉप नायलॉन मागवलं, म्हणजे बारीक चौकड्यांच्या विणीचं, फाटलं तरी चीर पुढं न जाणारं. बाजारात पॅराशूट कापड म्हणून जे मिळतं त्याला तोंड लावून जोरात फुंकर मारा, पलीकडं हवा लागली तर छताला नको, कपड्यांच्या पिशव्यांना चालतंय.

शिवताना टाचण्या लावू नका, प्रत्येक भोकातून पाणी येतं, त्यापेक्षा वाळत घालायचे चिमटे लावा. सुई 11 नंबरची, दोरा पॉलिस्टरचा, आणि टाका फार बारीक नको, नाहीतर कापड तिकिटासारखं फाटायला तयार होतं. मधली शिलाई जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दुहेरी मारायची. कापड इतकं निसरडं असतं की पहिले दोन-चार फूट शिव्याच तोंडात येतात, मग हात बसतो. दोऱ्या बांधायच्या जागी आतून कापडाचा जादा तुकडा लावा, ओढ सगळी तिथंच येते. नंतर शिलाईवर काचेला लावतात ते पारदर्शक सिलिकॉन टर्पेंटाइनमध्ये काकवीइतकं पातळ करून ब्रशनं फिरवायचं. हे फक्त सिलिकॉनच्या कापडाला हं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडावर ते धरत नाही, सोलून निघतं.

बाहेरच्या लोकांचे व्हिडिओ बघून बंद एकपदरी तंबू शिवायचा मोह होतो, तो आवरा. कणकुंबीच्या बाजूला थंडीत दंव इतकं पडतं की पहाटे गवतातनं चाललं तरी पँट गुडघ्यापर्यंत भिजते, आणि बंद कापडात आपल्याच श्वासाचं पाणी आतून ठिबकतं. दोन्ही बाजू उघडा टार्प, खाली मच्छरदाणीचा तुकडा, एवढं पुरे. फक्त नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपायच्या आधी दोऱ्या एकदा परत ताणा, सरकणारी गाठ मारली असेल तर काम पटकन होतं. जमीन जांभ्याची, खुंट्या आत जात नाहीत, धोंड्याला दोरी गुंडाळावी लागते, तेव्हा दोऱ्या लांबच ठेवा.

सॅक मी निम्मीच शिवली. पिशवी 210 डेनियरच्या (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापडाची, तोंड गुंडाळून बंद होणारं, पण खांद्याचे पट्टे बेळगावातल्या शहापुरात बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून मारून घेतले. घरच्या मशीनवर इतके थर जात नाहीत, मोटर रडते. आत फोमची मॅट घडी करून पाठीला लावली की फ्रेमचं काम होतं, पण आठ-नऊ किलोच्या वर भरू नका, मग खांदे सोलतात.

कोल्ड्रिंकच्या डब्याची स्पिरिटची चूल पण केली होती, ती घरीच ठेवली. उन्हात तिची ज्वाळा दिसत नाही, आणि डिसेंबरात तिकडचं गवत आधीच वाळून बसलेलं असतं. गरम चहा गावात कुणीही देतं. भाकरी, चटणी आणि थोडा कुंदा, बेळगावची दुधाची मिठाई, बांधून न्या, कुंदा वजनाच्या मानानं पोटभरीचा हाय.

कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, तिथं थांबाच. ती नदी पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि इथनं फार लांब नाही तिथं देगावच्या बाजूला उगवणारी म्हादई पश्चिमेला गोव्यात. पावसाळ्यात या सामानावर भरवसा ठेवून येऊ नका, पाऊस आडवा येतो आणि जळवा वेगळ्याच. आणि परतीची शेवटची बस किती वाजता ते जातानाच कंडक्टरला विचारून ठेवा, गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावर हात करून गाडी थांबेलच असं नाही.