रास्पबेरी घरी आणल्यावर

स्कॉटलंडमध्ये डंडीला राहायला आल्यापासूनचा हा आमचा तिसरा उन्हाळा. रास्पबेरी नीट सांभाळायला मला यंदा कुठे जमलं. ताग, जॅम आणि पत्रकारिता या तिन्हींसाठी हे गाव ओळखलं जातं. आसपास रास्पबेरीची शेतं आहेत आणि जुलैत काही ठिकाणी स्वतः तोडून घेता येतात.

पहिल्या वर्षी ब्लेअरगाउरीजवळच्या एका शेतावरून दोन किलो आणल्या. द्राक्षांना करते तसंच केलं: मिठाच्या पाण्यात धुतल्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या, फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा उघडला तर वर राखाडी लव. खालच्या सगळ्या चिकटून लगदा झालेला. अर्ध्याहून जास्त टाकून द्याव्या लागल्या. अन्न टाकताना हात जड होतो, तसा झाला.

चूक कुठे झाली ते पुढच्या वर्षी त्याच शेतावर कळलं. तिथल्या बाईंनी एक फळ अंगठा आणि दोन बोटांत धरून हलकेच सोडवून दाखवलं. पांढरा गाभा देठाला तसाच राहिला आणि फळ टोपीसारखं हातात आलं. आत पोकळ! धुतलेलं पाणी त्या पोकळीत आणि दाण्यादाण्यांच्या खाचांत बसतं, आणि बुरशीला तेवढं पुरतं. साल तर नावापुरतीच असते. त्या म्हणाल्या, ओढावं लागलं तर राहू द्या, दोन दिवसांनी या. कारण रास्पबेरी तोडल्यावर पिकत नाही. आंब्यासारखी अढी घालून काही उपयोग नाही.

आता मी पसरट डबा घेऊन जाते आणि दोन थरांपेक्षा जास्त रचत नाही, नाहीतर खालच्या वरच्यांच्या वजनाने चेपतात. दुकानातून घ्यायच्या झाल्या तर डबा उचलून आधी तळ बघते. तळाचा कागद लाल ओला असेल तर वरून कितीही टवटवीत दिसोत, तो डबा घेत नाही. घरी आल्यावर लगेच निवडते. एखादी बुरशीची निघालीच तर तिच्या शेजारच्याही काढते. मग न धुता कागदी रुमालावर एका थरात पसरून, झाकण किलकिलं ठेवून फ्रिजमध्ये. खायच्या वेळी चाळणीत घेऊन नळाची बारीक धार, बस्स. अशा दोन-तीन दिवस छान राहतात. त्याहून जास्त ठेवायच्या तर ताटात सुट्ट्या गोठवायच्या आणि दगडासारख्या झाल्या की पिशवीत भरायच्या. आधीच पिशवीत भरल्या तर एकच गोळा होतो.

जॅमच्या वेळी आईला फोन केला. तिने महाबळेश्वरच्या रास्पबेरी खाल्ल्यात, पण जॅम कधी केलेला नाही. "अगं, मोरंब्यासारखा आधी पाक करून घे," ती म्हणाली. तसं केलं तर फळाचं पाणी सुटून पाक पातळ झाला आणि आटवता आटवता रंग काळपट झाला. मग पाण्याचा थेंबही न घालता केलं: किलोभर फळ आधी नुसतंच मऊ शिजवलं, मग किलोभर साखर आणि एका लिंबाचा रस घातला. साखर विरघळल्यावर आच मोठी केली. फ्रीझरमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने सारला आणि त्याला सुरकुती पडली की गॅस बंद. रंग माणकासारखा आला. आईला फोटो पाठवला तर म्हणाली, "आता मीही असाच करून बघते."

श्रीखंडाने मात्र जास्त छळलं. कच्चा रस घातला की चक्का सैल होतो. शेवटी पाव किलो रास्पबेरी दोन चमचे साखरेत मंद आचेवर घट्ट आटवल्या, बिया गाळल्या, पूर्ण गार केल्या आणि अर्धा किलो चक्क्यात पिठीसाखरेबरोबर फेटल्या. वेलची घातली नाही, तिच्यापुढे रास्पबेरीचा वास टिकत नाही. मुलांनी पुरी बाजूला ठेवून नुसतं वाटीतून खाल्लं.

आटवायच्याच असल्याने गोठवलेल्याही चालतात. दसऱ्याच्या श्रीखंडासाठी पाऊण किलो फ्रीझरमध्ये ठेवल्यात.