तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हरवर लिनक्स कुणाची घ्यावी?

बेळगाव, निपाणी आणि खानापूर इथल्या काही पतसंस्थांचे, तसेच उद्यमबागेतील दोन-चार कारखान्यांचे सर्व्हर मी सांभाळतो. जुना सर्व्हर बदलण्याचा ठराव झाला, की सेक्रेटरी मला बाजूला घेऊन विचारतात, “रेड हॅट, सुसे, उबुंटू, तिघांचं कोटेशन आलंय. कुणाचं धरायचं?”

ही तिन्ही लिनक्स या संगणकप्रणालीची वेगवेगळी रूपे. कोटेशन मिटून ठेवावे, असे मी सांगतो. संस्थेचे व्यवहार ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्याची कंपनी कोणत्या प्रणालीच्या कोणत्या आवृत्तीवर जबाबदारी घेते, हे आधी लेखी मागवावे; पुष्कळदा तिथेच एकदोन नावे गळतात. काउंटरवरचा प्रश्न वेगळा आहे. टॅली विंडोजवर चालते आणि नुडी या कन्नड टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली कन्नड पत्रे लिनक्सवर नीट उघडतील याचा भरवसा नसतो, म्हणून तिथल्या विंडोजला मी हात लावत नाही. नव्या मजकुराला मात्र अडचण नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड-मांडणीत मराठी ‘क’ ज्या कळीवर आहे, कन्नड ‘क’ही त्याच कळीवर आहे आणि ही सोय लिनक्समध्येही मिळते.

उरलेल्या नावांना पाठबळाची, म्हणजे सुधारणा आणि दुरुस्त्या मिळत राहण्याची, शेवटची तारीख विचारावी. रेड हॅट आणि सुसे यांच्या मुख्य आवृत्तीला साधारण 10 वर्षे मिळतात, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला 5, आणि ‘प्रो’ नावाची तिची वर्गणी घेतल्यास 10. फुकटातल्या तारखेवर मात्र संस्था उभी करू नये. रेड हॅटचीच फुकट मिळणारी प्रतिकृती असलेल्या सेंटओएसच्या आठव्या आवृत्तीला 2029 पर्यंत सुधारणा मिळणार होत्या. डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅटने ती मुदत 2021 च्या अखेरीपर्यंत आखडली, आणि त्या भरवशावर नवे सर्व्हर बसवलेल्यांना वर्षभरात दुसरे घर शोधावे लागले. रॉकी आणि अल्मा या तशाच फुकट प्रणाली त्या पोकळीत उभ्या राहिल्या. गंमत म्हणजे सुसे आता मल्टी-लिनक्स सपोर्ट (आधीचे नाव लिबर्टी) या नावाने रेड हॅट आणि सेंटओएसच्या यंत्रांची देखभाल विकते, म्हणजे प्रणाली न बदलता पाठबळ देणारा बदलता येतो. घासाघीस करताना हे विक्रेत्याच्या कानावर जरूर घालावे.

माझा कल विचाराल, तर पतसंस्थेने पैसे मोजून करार करावा, कारण रात्री सर्व्हर बंद पडला तर सकाळी ठेवीदार दारात उभे असतात. कारखान्यात नुसती ड्रॉइंग ठेवायची असतील आणि लिनक्स जाणणारा माणूस पगारावर असेल, तर डेबियन ही फुकट मिळणारी लिनक्स पुरेशी आहे. तिथे वर्गणी भरणे मला उधळपट्टी वाटते.

सही करण्यापूर्वी तिसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाचा दर कोटेशनवरच लिहून घ्यावा. पहिल्या वर्षी घसघशीत सूट देऊन पुढे पूर्ण दर लावण्याची रीत या धंद्यात आहे. तो आकडा लिहायला कोण टाळाटाळ करतो, ते पाहून मला कळवा. मग उरलेल्यांची तुलना करू.